दाजी, ट्विस्ट किती घेऊ?

आमचा मेव्हणा पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडं रात्रीचे साडेनऊ झाले की इकडं कोल्हापुरात सकाळचे सात वाजतात, मी चहाचा कप घेऊन गॅलरीत नुकता टेकलेला असतो आणि बरोबर तेव्हाच फोन वाजतो. पूर्वी गाडी कुठली घेऊ, घर कुठं घेऊ असलं काहीतरी विचारायचा, ते बरं होतं. एक दिवस एकदम म्हणाला, "दाजी, ठासणीची रायफल बनवायला घेतोय. ट्विस्ट ४८ इंचाला एक घेऊ का ६६ ला एक?"

मलाच विचारायचं कारण एवढंच की आमच्या गावाकडच्या घरात एक ठासणीची बंदूक आहे, म्हणजे नळीच्या तोंडातनं बंदुकीची दारू नि गोळी ठासून भरायची, तसली. राधानगरी तालुका, जंगलाच्या कडेला शेत, रानडुकरं एका रात्रीत भाताचं वाटोळं करायची, म्हणून आज्जानं पीक संरक्षणाचं लायसन काढलेलं, ते पुढं आबांच्या नावावर झालं आणि आता माझ्या. तिचा उपयोग म्हणजे हवेत एक बार काढायचा, की डुकरं उठून चुलत्याच्या शेतात जायची आणि मग चुलता त्याच्या बंदुकीचा बार काढायचा. मी स्वतः तर तिचा घोडासुद्धा कधी ओढलेला नाही. पण मेव्हण्याच्या लेखी मी खानदानी एक्स्पर्ट.

ट्विस्ट म्हणजे काय हे मला त्यानंच सांगितलं आणि मग त्यावर माझं मत विचारलं. रायफलच्या नळीत आतनं मळसूत्री खाचा असतात, त्या किती इंचात एक पूर्ण फेरा घेतात तो ट्विस्ट. गोल गोळीला सावकाश फिरवलं तरी भागतं, लांबट गोळीला जोरात फिरवायला लागतं. आमच्या आज्जाच्या नळीत खाचाच नाहीत, सरळ पाईप आहे. मी म्हटलं गोल गोळी वापरणार असशील तर ६६ घे. पलीकडनं बराच वेळ आवाज नाही, मग म्हणाला, "मानलं दाजी." झालं, तिथनं पुढं माझी सुटका नाही.

मग टोपीची घ्यायची का चकमकीची. टोपीची म्हणजे घोडा पडतो, त्याच्याखालची स्फोटकाची बारीक टोपी फुटते, बार उडतो, आमची तसलीच आहे. चकमकीत घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा, तो पोलादी पट्टीवर घासतो, ठिणगी बाहेरच्या छोट्या ताटलीतल्या दारूवर पडते आणि तिथला जाळ भोकातनं आत जातो, म्हणजे सगळं नशिबावर. मी म्हटलं टोपीची घे बाबा, पावसापाण्याचं बरं असतं. तर म्हणे तिकडं ख्रिसमसनंतर हरणाच्या शिकारीचा एक खास सीझन असतो, १९७४ पासून चालू आहे, आणि त्यात फक्त चकमकीचीच बंदूक चालते. बरं, हा गडी लहानपणी मुंगीवर पाय पडला तर रडायचा. हरणाचं काय करणार विचारलं तर म्हणाला, "बघायचं." पुढचा घोळ म्हणजे हा डावखुरा. नेहमीचं चाप-घोड्याचं लॉक उजव्या अंगाला असतं, डावखुऱ्यानं खांद्याला लावलं की ताटलीतला भडका बरोबर नाकासमोर. म्हणून डावं लॉक हुडकायचं आलं, त्यात दोन महिने गेले. नळी मात्र त्याला ४४ इंचीच पाहिजे, जुन्या पेनसिल्व्हेनिया रायफलचा रुबाब त्यातच म्हणे. हा स्वतः पाच फूट चार इंच, दारू भरायला स्टुलावर उभा राहतोस काय विचारलं तर राग आला त्याला.

सामान आलं ते सरळ कुरियरनं. दाराबाहेर खोकं ठेवून पोरगा निघून गेला. तिकडच्या १९६८ च्या कायद्यात ठासणीच्या बंदुकीला बंदूकच धरत नाहीत, अँटिक म्हणून सोडून दिलंय. हे ऐकल्यावर मला तो चहा जाईना. आमच्याकडं लायसनचं रिन्युअल, फोटो, चारित्र्याचा दाखला, आणि कुठलीही निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. २०२४ ला तर लोकसभा नि विधानसभा एकाच वर्षात, म्हणजे चुलतभावाच्या स्प्लेंडरवर मागं बसून साडेचार फुटाची बंदूक आडवी धरू का उभी धरू करत जायचं, निकाल लागला की तसंच परत आणायचं. त्यात त्या ऑगस्टात आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलेलं. विधानसभेला जमा करायला निघालो तर स्टँडवर चहावाला ओरडला, "काय पावणं, पुढचं ऑलिम्पिक काय?"

तर तिकडं काम चालू झालं. मेपलच्या लाकडात नळी बसवायची तर नळीला काजळी लावायची, लाकडात दाबायची, उचलायची, जिथं काळा ठिपका उमटेल तेवढंच पटाशीनं कागदासारखं सोलायचं, परत काजळी, परत दाबायची. हे तो मला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. कॅमेरा लाकडात खुपसलेला, आतनं आवाज, "दाजी, ठिपका दिसतोय का?" मी दिसतोय म्हणायचो. खरं सांगायचं तर काही दिवसांनी मला खरंच दिसायला लागला, आणि एकदा तर मीच म्हटलं थांब, मागच्या अंगाला अजून लागतंय.

मध्येच त्यानं लॉकचा एक स्क्रू पिळला. म्हणाला उद्यमनगरात टर्न करून घ्या, आई येणारच आहे, तिच्या बॅगेत टाका. बायको म्हणाली, "अहो, माझ्या आईला विमानतळावर धरायला लावताय काय?" तरी चौकशी म्हणून गेलो. लेथवाल्यानं हातात स्क्रूचा फोटो घेतला, कशाचा आहे विचारलं, मी बंदुकीचा म्हटल्याबरोबर त्यानं मशीनच बंद केलं. शेजारच्या दोन्ही गाळ्यातली माणसं बाहेर आली. "भावा, पंपाचं सांग, ऑइल इंजिनचं सांग, रॉकेटचं आण, करून देतो. बंदुकीचं नको." बरोबर आहे त्याचं, आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुट्टा भागसुद्धा हत्यारच आणि तो बनवायला वेगळं लायसन लागतं. मग चहा पाजला आणि फोटो डिलीट करायला लावला.

सगळ्यात कहर म्हणजे गंज. नळी तपकिरी दिसावी म्हणून तिकडं मुद्दाम गंज चढवतात! औषध लावायचं, दमट पेटीत ठेवायचं, गंज आला की घासायचा, परत लावायचं, हवा तसा रंग आला की सोड्याच्या पाण्यानं थांबवायचं. आम्ही तिघा पिढ्यांनी जून ते सप्टेंबर त्या बंदुकीला खोबरेल, मशीन ऑइल, काय काय चोळलं तो गंज येऊ नये म्हणून. राधानगरीच्या पावसाची बाटली भरून विकली तर या लोकांकडनं चांगला पैसा निघेल असं माझं मत आहे.

गोळीभोवती गुंडाळायला घट्ट विणीचं कापड लागतं, गादीच्या खोळीचं असतं तसलं पट्ट्यापट्ट्याचं. सासूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, लग्नात दिलेल्या उशीची खोळ त्यानं आधी मायक्रोमीटरनं मोजली आणि मग कापली. सासूबाई तिथंच होत्या. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

पहिला बार आम्ही सगळ्यांनी लाइव्ह बघितला. दारू मापून ओतली, खोळीचा तुकडा, गोळी, गजानं खाली दाबली, ताटलीत बारीक दारू, घोडा मागं, नेम. खट्. ताटलीत फुस्स करून भडका, आत काहीच नाही. बार उशिरानंही उडू शकतो म्हणून नियमाप्रमाणं गडी रायफल तशीच समोर रोखून पुतळा झालेला, आणि फोनमधनं सासूबाई, "अरे, उडली का नाही?" दुसऱ्या खेपेला भोक सुईनं साफ केलं आणि धडाम्! एवढा पांढरा धूर की मेव्हणाच दिसेना. त्या धुरातनं हसण्याचा आवाज आला, असा हसलेला मी त्याला शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकला. पुढं तासभर गरम पाणी नि साबणानं नळी धुणं, ते केलंच पाहिजे नाहीतर ती दारू लोखंड खाते, आणि घरभर कुजक्या अंड्याचा वास, म्हणून त्याच्या बायकोनं त्याला बाथरूममधनं गॅरेजात हाकललं.

आता दुसरी बनवतोय. "दाजी, आज्जांच्या बंदुकीसारखी हुबेहूब करायची, मापं पाठवा." आणि नेमकी निवडणूक लागलेली, बंदूक ठाण्यात. टेप घेऊन गेलो. हवालदारांना सगळं सांगितलं, पेनसिल्व्हेनिया, डावखुरा, ख्रिसमस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आत जाऊन बंदूक आणली, टेबलावर ठेवली आणि टेपचं एक टोक स्वतः धरलं.

"नळी सदतीस इंच. लिहा. दस्ता मीच मोजतो, हात लावायचा नाही. आणि पावतीची झेरॉक्स आणलीय का?"