सशाचा दिवा आणि निरंकाराची राय

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस धरला की तिठ्यावरचा आमचा पार ओला होतो आणि मंडळी समोरच्या दुकानाच्या पडवीत सरकते. परवा वाद पेटला तो तिथेच, आणि पेटवला मास्तरांनी. मास्तर आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. 2025 च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले, तेव्हा त्यांनी ‘यक्षांची देणगी’ परत वाचायला घेतलं आणि तेव्हापासून विज्ञानकथा त्यांच्या हातून सुटलेल्या नाहीत. सध्या अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’.

“सगळ्यांनी वाचा,” मास्तर म्हणाले. “सूर्याची ऊर्जा खाणारे सूक्ष्मजीव आहेत. प्रजननासाठी ते शुक्रावर जातात, कारण त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो. सूर्य मंद व्हायला लागलाय. बारा प्रकाशवर्षांवरचा टाउ सेटी तारा मात्र तसाच आहे. तो का वाचला, हे शोधायला शेवटी कोण जातो? शाळेतला विज्ञानाचा मास्तर!” हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

पुस्तक मीही वाचलंय, आणि मास्तरांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे. त्यात रॉकी नावाचा परग्रहवासी भेटतो. त्याला डोळे नाहीत. बोलतो ते सुरांत. राहतो 210 अंश सेल्सिअसच्या अमोनियात, आपल्या हवेच्या 29 पट दाबाखाली. दोघांना एकमेकांची हवा घेता येत नाही, तरी मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून आकड्यांपासून सुरुवात करत ते भाषा जुळवतात. ती पानं मी दोनदा वाचली. मैत्री अशी पायरीपायरीने, हिशोबाने उभी राहताना मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिली नाही.

“आणि बाय,” मास्तर आमच्या बायकडे वळले, “तू ती भुताखेतांची पुस्तकं आता पुरे कर. चांगली शिकलेली मुलगी तू.”

(कादंबरी वाचायची असेल त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडावा.)

“मास्तर, तुमच्याच पुस्तकात मला सगळ्यात काय लागलं सांगू?” बाय म्हणाली. “रॉकीचे सोबती एकेक करून मेले. अंगावर जखम नाही, समोर शत्रू नाही. त्यांच्या लोकांना किरणोत्सर्ग म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. तो एकटा यानात उरला आणि कारण कळायला त्याला माणूस भेटावा लागला. ही भयकथा नाही तर काय?”

मास्तर थोडे थांबले. “पण तिथे कारण कळतं,” ते म्हणाले. “भुताच्या गोष्टीत कधीच कळत नाही.”

“कळतं. नियम असतो,” म्हणत बायने पिशवीतून ‘कर्स्ड बनी’ काढलं. बोरा चुंग या कोरियन लेखिकेच्या दहा कथा, आंतोन हर यांनी इंग्रजीत आणलेल्या. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकरच्या लघुयादीत होतं हे पुस्तक. शीर्षककथेतलं घराणं शापित वस्तू बनवतं. आजोबा सांगतात, शापाची वस्तू देखणी हवी, म्हणजे समोरचा ती हौसेने हातात घेईल. घराण्याचा नियम एकच: स्वतःच्या वैरासाठी अशी वस्तू बनवायची नाही. आजोबा तो मोडतात. दोस्तासाठी सशाच्या आकाराचा दिवा बनवतात.

“दोस्ताचं काय झालेलं?” कोपऱ्यातून भाऊंनी विचारलं. भाऊंची काजूची फेणी गाळायची भट्टी आहे. पुस्तकांच्या गप्पांत ते कधी पडत नाहीत.

“त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दारू गाळायचे. चांगला तांदूळ, जुनी रीत. मोठ्या कंपनीने आवई उठवली की ह्यांच्या दारूत कारखान्यातलं अल्कोहोल आहे. धंदा बसला. माणूसही गेला.”

भाऊ काही बोलले नाहीत. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मार्चपासून मेपर्यंत कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, काजूचे बोंडू मळणाऱ्या, भाणाखालचा, म्हणजे दारू गाळायच्या भांड्याखालचा, जाळ राखत रात्र काढणाऱ्या माणसाला अशी एक अफवा काय करू शकते, हे पडवीतल्या सगळ्यांना कळत होतं.

माझं मत तिथेच पक्कं झालं. विज्ञानकथा आणि भयकथा हा भेद मला आता फारसा पटत नाही. गोष्ट आपला नियम पाळते का आणि मोडणाऱ्याकडून किंमत वसूल करते का, एवढंच मी बघतो. आमच्या नानोडे गावची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, घ्या. तिथून वाळकी काटकीही उचलायची नाही, हे लहानपणी भीती घालूनच सांगितलं जातं. त्या भीतीमुळे रानजायफळाची दलदल, पाण्यात मुळं काढून उभी असलेली ती झाडं आजपर्यंत टिकली. मास्तरांना ती जैवविविधता म्हणून प्रिय, बायला राखणदार देवाची जागा म्हणून. पाऊल वाजू न देता चालतात मात्र दोघंही.

मी हे बोलून दाखवलं, तर मास्तर म्हणाले, “राय वेगळी. ते आपलं आहे.”

“त्यांचा ससा त्यांचा आहे,” बाय म्हणाली.

मध्येच मंडळीतल्या धाकट्याने 2024 चं बुकर मिळालेल्या समांथा हार्वेच्या ‘ऑर्बिटल’चं नाव काढलं: सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. ती विज्ञानकथा नव्हेच यावर मास्तर आणि बाय यांचं चटकन एकमत झालं. मला ते पटलेलं नाही. इतकी शांत, इतकी पृथ्वीच्या प्रेमात पडलेली कादंबरी पावसाळ्यात वाचून बघा. पण त्यावर वाद झाला नाही, कारण तेवढ्यात वीज गेली.

अंधारात भाऊंनी बिडी पेटवली. “बाय, मला इंग्लिश वाचता येत नाही,” ते म्हणाले. “त्या दिव्याचं पहिल्यापासून सांग. ससा कसला होता? आणि त्या कंपनीवाल्याच्या घरात तो पोचला कसा?”

बाय सांगू लागली. मास्तर घरी जायला उठले होते. छत्री मिटून ते परत बाकावर बसले.