प्लेनफिल्ड टीचर्सची ती टीम कधी नव्हतीच

१९४१ साली न्यू जर्सीच्या प्लेनफिल्ड टीचर्स कॉलेजने एकही मॅच न हरता सीझन गाजवला, जॉनी चंग नावाचा चिनी प्लेअर हाफटाइमला भात खाऊन मैदान मारायचा, असा मेसेज फिरतोय (अमेरिकन फुटबॉल हं, आपला नाही). तर ते कॉलेजही नव्हतं, टीमही नव्हती अन् चंगसुद्धा नव्हता.

मॉरिस न्यूबर्गर नावाचा वॉल स्ट्रीटवरचा ब्रोकर होता, त्याच्या लक्षात आलं की छोट्या कॉलेजांचे स्कोअर पेपरवाले फोनवर ऐकून तसेच छापतात, मग यानेही न्यूयॉर्क टाइम्सला फोन करून मनातला एक स्कोअर सांगितला, तो छापून आला, आणि तिथून गडी सुटलाच, जेरी क्रॉयडन हे खोटं नाव घेऊन प्रेसनोटा काय, चंगचे किस्से काय! भाताचा किस्सा त्यातलाच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात टाइम मॅगझीन आणि हेराल्ड ट्रिब्यून या पेपरच्या कॅसवेल अॅडम्सने भांडं फोडलं. जाता जाता न्यूबर्गरने शेवटची प्रेसनोट काढली, चंग आणि बाकीचे परीक्षेत नापास, उरलेल्या मॅचेस रद्द. (हे मात्र भारी होतं.)

जुन्या पेपरात खरंच स्कोअर छापलेत, त्यामुळे कात्रण बघून कुणालाही खरंच वाटेल. पण प्लीज, तो मेसेज पुढे पाठवू नका, ज्या ग्रुपवर टाकलाय तिथे हे टाका.