फोनवर नको, भेटल्यावर बोलू

सकाळी ७:१० ला ताईचा मेसेज आला आणि मी चष्मा शोधेपर्यंत तिने तो डिलीटही केला. लगेच फोन लावला. "काही नाही गं, त्या बातमीवर उगाच तीन ओळी लिहिल्या होत्या. फोनवर नको, भेटल्यावर बोलू." चाळीस सेकंदांत फोन बंद.

ही माझी ताई! शाळेत बाईंची चूक भर वर्गात उभं राहून दाखवणारी. आणि आता फोनवरचं कुणी वाचेल-ऐकेल म्हणून सख्ख्या बहिणीला तीन ओळी लिहितानाही घाबरते. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

भाऊजींचं नेहमीचं ठरलेलं, "कर नाही त्याला डर कशाला?" ही म्हण बंद करा हो कुणीतरी. काय केलंय ताईने? तरी डर आहेच ना? आणि 'कर' कशाला म्हणायचं हे ठरवणार कोण, तर जो बघतोय तोच. आज चालतं ते उद्या चालेलच असं नाही, लिहिलेलं मात्र कुठेतरी पडून राहतं.

शिवाय पुसून पुसलं तरी काय? मजकूर एन्क्रिप्टेड असतो, मधल्या मध्ये कुणाला वाचता येत नाही, मान्य. पण ७:१० ला तिने मला काहीतरी पाठवलं, ७:१२ ला मी फोन केला, चाळीस सेकंद बोललो, याची नोंद होतेच की. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन या कंत्राटी कर्मचाऱ्याने अमेरिकी हेरखात्याचे गुप्त कागद बाहेर काढले, त्यात हेच होतं. अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था लाखो साध्यासुध्या लोकांच्या कॉलची यादी रोजच्या रोज घेत होती: कुणी, कुणाला, कधी, किती वेळ. बोलणं ऐकायची गरजच नाही. त्याच एनएसएचे माजी प्रमुख हेडन २०१४ मध्ये जाहीर चर्चेत म्हणाले, आम्ही मेटाडेटावरून, म्हणजे अशा नुसत्या नोंदींवरून, माणसं मारतो. आणि आपण म्हणायचं, नुसता मेटाडेटा तर आहे!

बरं, गुन्हेगार पकडायचे तर पोलिसांना कधीतरी फोन ऐकावे लागणार. एका माणसावर ठोस संशय, न्यायाधीशाची सही, ठरावीक मुदत. ऐका बापडे. पण आधी सगळ्यांचं गोळा करायचं आणि मग त्यात संशयित शोधायचा? आणि "फक्त आमच्यासाठी यंत्रणेत शिरायला एक मागचं दार ठेवा" म्हणणाऱ्यांनी ग्रीस आठवावं. तिथे मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीर टॅपिंगची सोय होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी तिच्यातच शिरून शंभरेक फोन ऐकले, खुद्द पंतप्रधानांचासुद्धा.

चिडून लिहायला बसले होते, आता नुसतं वाईट वाटतंय. ताईला कुणी धमकावलेलं नाही. तिच्यावर कुणाची नजर असेल असंही मला वाटत नाही. तिचा पहारा तीच करतेय, फुकटात. लहानपणी दिवा मालवल्यावर आमच्या गप्पा सुरू व्हायच्या, आई ओरडेपर्यंत. हे बोलावं की नाही, असं तेव्हा कधी मनात आलं नाही.

ताजा कलम: पोस्ट वाचून ताईचा फोन आला. "मी पुसलेलं तू चव्हाट्यावर मांडलंस की गं!" बरोबर आहे तिचं, आधी विचारायला हवं होतं. काढून टाकू का विचारलं, तर म्हणाली, राहू दे. त्या तीन ओळी काय होत्या ते मात्र अजून सांगितलेलं नाही. रविवारी भेटतोय.