मेलेल्या जावाच्या तेराव्याला एवढा खर्च?

दिवाळीपासून आमच्या तिन्ही ग्रुपांवर, म्हणजे भावकीच्या, कॉलेजच्या आणि गावच्या, एकच मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: "जावा संपली. स्प्रिंग बूट शिकायचं तर आधी दोन वर्षं कोअर जावा, सर्व्हलेट, जेएसपी घोटावं लागतं. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पाहिजे. पुण्याला क्लास लावल्याशिवाय जमत नाही, मराठी मीडियमच्या पोरांनी नादी लागू नये. आणि आता एआय कोड लिहून देतंय, मग शिकायचं कशाला?"

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, स्प्रिंग हा तिच्यात वेबची ॲप उभारायचा तयार सांगाडा, आणि स्प्रिंग बूट म्हणजे तोच सांगाडा कमी जुळवाजुळवीत सुरू करून देणारा. माझी भाकरी याच स्प्रिंगवर चालते. मूळचा लातूरकडचा, आता संभाजीनगरात बसून काम करतो. त्यामुळं पहिल्यांदा हसू आलं: जावा मेली म्हणता, मग तिच्यासाठी दोन वर्षं, भारी लॅपटॉप आणि पुण्याचं भाडं कशाला? पण उदगीरच्या भाच्यानं तो मेसेज वाचून शिकणं सोडायचं ठरवलं, तेव्हा हसू मावळलं. म्हणून हे सविस्तर.

"जावा संपली." १९९५ ची भाषा आहे, म्हातारी म्हणा हवं तर. पण सप्टेंबर २०१७ पासून दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती येते. दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्यांपैकी १७ वी २०२१ मध्ये, २१ वी २०२३ मध्ये आणि २५ वी २०२५ मध्ये आली. शोधाचं इंजिन इलास्टिकसर्च जावात लिहिलेलं आहे, संदेशांची ने-आण करणारं काफ्का जावा आणि स्काला या भाषांत, नेटफ्लिक्सच्या मागच्या सर्व्हिसेस स्प्रिंग बूटवर चालतात. मेलं ते ॲप्लेट, ब्राउझरमध्ये चालणारं जावाचं छोटं ॲप. आपल्याकडं कित्येक पोरांना जावाची ओळख ॲप्लेटपासूनच झाली, त्यामुळं जावाच गेली असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

"आधी दोन वर्षं घोटा." हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. स्प्रिंगचा जन्मच या घोटण्याला कंटाळून झाला. २००२ साली रॉड जॉन्सननं आपल्या पुस्तकासोबत जो कोड दिला, त्यातून हे फ्रेमवर्क उभं राहिलं. जून २००३ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि मार्च २००४ मध्ये १.० आलं. त्या काळी एक साधा फॉर्म सेव्ह करायला एंटरप्राइझ बीन (जावाचा जुना, अवजड सर्व्हर-घटक), त्याचे इंटरफेस, सेटिंगच्या एक्सएमएल फायली असा लवाजमा लागायचा. तो हिवाळा संपला म्हणून नाव ठेवलं स्प्रिंग, वसंत. २०१४ च्या एप्रिलमध्ये स्प्रिंग बूट आलं आणि टॉमकॅट हा वेब सर्व्हर वेगळा बसवायची कटकटही गेली, तो जारच्या, म्हणजे ॲपच्या तयार फाइलीच्या, पोटातच येतो.

जेएसपी, म्हणजे एचटीएमएलमध्ये जावा मिसळून पान बनवायची जुनी पद्धत, सोडून द्या. स्प्रिंग बूटच्या जारमधून ते धड चालतही नाही. सर्व्हलेटला, म्हणजे ब्राउझरची विनंती घेऊन उत्तर देणाऱ्या जावाच्या क्लासला, मात्र एक आठवडा द्यावा, कारण स्प्रिंगच्या दारात उभा असलेला डिस्पॅचर सर्व्हलेट हा शेवटी एक सर्व्हलेटच आहे. विनंती येते कुठून आणि जाते कुठं, हे कळलं की पुरे. कोअर जावातलं इंटरफेस, कलेक्शन, एक्सेप्शन आणि थोडं लॅम्ब्डा पक्कं हवं. दोन-तीन महिने मन लावून केलं तर होतं.

खरी अडचण वेगळीच असते. भाच्याचा रात्री साडेअकराला फोन: "मामा, काय बी करा, ४०४ च यायलंय!" त्याच्या वडिलांची मोंढ्यात आडत आहे, त्या दुकानासाठी तो सोयाबीनच्या आवकीची नोंद ठेवणारं ॲप करत होता. कन्सोलवर एकही लाल ओळ नाही, ॲप ८०८० पोर्टवर चालू, आणि ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', सांगणारं ते पांढरं व्हाइटलेबल एरर पेज. पठ्ठ्यानं पोर्ट बदलून पाहिला, जावा काढून पुन्हा टाकली. मी म्हटलं, फोल्डर दाखव. मेन क्लास, जिथून ॲप सुरू होतं तो, होता 'मोंढा.ॲप' या पॅकेजमध्ये (म्हणजे कोडच्या फोल्डरात) आणि पानाची विनंती घेणारा कंट्रोलर शेजारच्या 'मोंढा.वेब' मध्ये.

स्प्रिंग बूट मेन क्लासच्या पॅकेजपासून खाली खाली बघत जातं. घरच्या लेकरा-नातवंडांची हजेरी घेतं, चुलत्याच्या वाड्यात डोकावत नाही. कंट्रोलर चुलत्याकडं राहिला, म्हणून त्याची नोंदच झाली नाही आणि नोंद नाही म्हणून तक्रारही नाही. मेन क्लास एक पायरी वर, नुसत्या 'मोंढा' पॅकेजमध्ये नेला आणि पान उघडलं. दोन वर्षं कोअर जावा घोटून हे कळलं नसतं. स्प्रिंग आपल्या माघारी काय काय करून ठेवतं ते एकेक करून बघावं लागतं, आणि ते स्वतःचं काहीतरी मोडल्याशिवाय दिसत नाही.

"१६ जीबी रॅम." असेल तर चांगलंच. पण छोटं ॲप २५६ एमबीच्या हीपमध्ये, म्हणजे जावाला दिलेल्या मेमरीत, सहज चालतं. जड असतो तो एडिटर, आणि ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली वीस पानं. ८ जीबीवर आरामात होतं. डेटाबेस म्हणून सुरुवातीला एच-टू घ्या, तो ॲपसोबतच मेमरीत उठतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

आपल्याकडं रॅमपेक्षा नेटचा आणि लाइटचा त्रास जास्त. लागणाऱ्या लायब्ररी आणून देणारं मेवन पहिल्यांदा ढीगभर जार उतरवून घेतं आणि नेमकं तेव्हाच नेट जातं. पण एकदा उतरवलेलं सगळं होम फोल्डरमधल्या 'डॉट एम-टू' मध्ये राहतं. पुढं मेवनला उणे-ओ (-o) हा पर्याय दिला की ते नेटकडं बघतही नाही. आमच्याकडं दोन पोरांनी तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर नेला, घरी नेट नसताना त्यांचं काम अडलं नाही.

"पुण्याचा क्लास." इथं एक गोष्ट कबूल करतो. पहिल्या नोकरीसाठी पुणं-हैदराबाद गाठावं लागण्याची शक्यता मोठी आहे. वाळूज-चिकलठाण्यात कारखाने भरपूर, जावाची कामं थोडी. पण नोकरीला जाणं वेगळं आणि शिकायला जाऊन वर्षभर कॉटबेसिसवर राहणं वेगळं. अशाच एका क्लासच्या नोट्स भाच्याच्या मित्रानं मला दाखवल्या. सगळीकडं 'जावाएक्स.पर्सिस्टन्स', डेटाबेसशी बोलणाऱ्या पॅकेजचं जुनं नाव. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं तेव्हाच ते 'जकार्ता.पर्सिस्टन्स' झालं, आणि किमान जावा १७ लागायला लागली. सिक्युरिटीच्या धड्यात जो अडॅप्टर क्लास एक्स्टेंड करायला सांगितला होता, तो तर नव्या आवृत्तीतून काढूनच टाकलाय. पोरगं बिचारं आपलंच चुकतंय म्हणून तीन दिवस इम्पोर्ट तपासत बसलं. स्प्रिंगच्या साइटवरची गाइड्स फुकट आहेत आणि नव्या आवृत्तीसोबत बदलतात.

"मराठी मीडियम." यावर फार बोलायची इच्छा नाही. स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर आल्यावर छापली जाणारी यादी, इंग्रजीत असतो, पण ते इंग्रजी शे-दोनशे शब्दांचं. शंभर ओळी ओतल्या तरी सगळ्यात शेवटच्या 'कॉज्ड बाय'पाशी जाऊन तेवढी ओळ वाचायची, बाकीचं नंतर. हे इंग्रजी मीडियमची पोरंही करत नाहीत.

"एआय लिहून देतंय." देतं. मीही रोज वापरतो, टेस्ट लिहायला आणि विसरलेलं आठवायला. पण भाच्याचीच पुढची गोष्ट ऐका. दिवसभराच्या पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) संध्याकाळी जमा करायचं काम त्यानं एआयकडून लिहून घेतलं. एक मेथड, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, सगळ्या पट्ट्यांवरून फिरते आणि प्रत्येकीसाठी त्याच क्लासमधली दुसरी मेथड बोलावते. ती दुसरी मेथड हमाली-तोलाई वजा करून पट्टी सेव्ह करते, मग शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम चढवते. तिच्यावर ट्रान्झॅक्शनलचं ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) होतं, म्हणजे दोन्ही व्हायला पाहिजे नाहीतर एकही नाही. एका शेतकऱ्याचं खातंच उघडलेलं नव्हतं. एरर आली, पण पट्टी सेव्ह झालेली राहिली आणि रक्कम कुठल्याच खात्यावर चढली नाही.

कारण असं. ट्रान्झॅक्शनल लावलं की स्प्रिंग त्या क्लासच्या दारात एक प्रॉक्सी बसवतं, दुकानाच्या दारात मुनीम बसावा तसा. बाहेरून येणारा मुनीमासमोरून जातो, तो वही उघडतो, काम बिघडलं तर नोंद खोडतो. पण आतल्या खोलीतून आतल्याच खोलीत पोतं सरकवलं तर मुनीमाला पत्ता नाही. एकाच क्लासमधली मेथड दुसरीला हाक मारते तेव्हा नेमकं हेच होतं: ॲनोटेशन जागेवर असतं, ट्रान्झॅक्शन नसतं. भाच्यानं एआयला एरर चिकटवली, तर त्यानं भोवती ट्राय-कॅच घालून दिलं. एरर दिसेनाशी झाली, चुकीच्या नोंदी पडतच राहिल्या! मोंढ्यात असा हिशेब कुणी दाखवला तर त्याला दुकानात उभं करत नाहीत.

दुसरी मेथड वेगळ्या क्लासमध्ये टाकली, दहा मिनिटांचं काम. पण कुठं टाकायची आणि का, हे कळायला मुनीम माहीत पाहिजे. आता मुनीमाची गोष्ट एआयला विचारली तर तोही छान सांगतो. विचारायचं काय हे ठाऊक नव्हतं, अडलं तिथं.

भाचा अजून शिकतोय. मागच्या आठवड्यात दाजींनी स्क्रीन बघितली आणि विचारलं, "पट्टी मराठीत छापून निघंल का?" तेव्हापासून तो पीडीएफच्या मागं लागलाय. सगळे आकडे नीट येतात, पण 'क्विंटल' लिहिलं की जोडाक्षर फुटतं आणि वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. त्या मेसेजमध्ये या अडचणीचा उल्लेख नाही.