पोटॅशवरचा तो संदेश आणि त्यातले हिशेब

खरीप तोंडावर आला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोटॅश या पोटॅशियम देणाऱ्या खताविरुद्ध एक लांबलचक संदेश फिरू लागतो. यवतमाळ, वर्धा, अमरावती, कुठेही जा, मजकूर जवळपास तोच. सार असे: पोटॅश हे परदेशी कारखान्यात तयार होणारे विष आहे, अमेरिकेत त्याचेच इंजेक्शन देऊन कैद्यांना मारतात. ते म्हणजे लाल रंग दिलेले साधे मीठ. आपल्या काळ्या मातीत शंभर वर्षे पुरेल एवढे पोटॅश आहे. तरी लागलेच तर चुलीची राख आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण) पुरे. आणि राजस्थानात पोटॅशचे डोंगर सापडले असून आयातदारांनी ते दाबून ठेवलेत.

यातले काळ्या मातीचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि नुकसानही तेच जास्त करते. तिथे सावकाश जाऊ.

आधी विष. इंजेक्शनची गोष्ट खरी आहे, पोटॅशच्या पोत्यात असते तेच पोटॅशियम क्लोराईड त्यात असते. पण जुलाब लागलेल्या लेकराला आशाताई ओआरएसची पुडी देते, तिच्यातही लिटरमागे दीड ग्रॅम हेच पोटॅशियम क्लोराईड असते. शिरेतून एकदम सोडले तर हृदय थांबते, पाण्यातून थोडे पोटात गेले तर जीव वाचतो. मोठ्या माणसाच्या अंगात शंभर ग्रॅमच्या वर पोटॅशियम असतेच, ते नसेल तर नाडी चालणार नाही. संदेशाच्या एका आवृत्तीत 'पोटॅश किरणोत्सारी आहे' अशीही भर घातली आहे. पोटॅशियमचा ०.०१२ टक्के भाग खरोखर किरणोत्सारी असतो. तो केळीत असतो, तुरीच्या डाळीत असतो आणि संदेश पाठवणाऱ्याच्या अंगातही असतो.

आता 'कारखान्यात तयार होते' याकडे. युरिया कारखान्यात तयार होतो, हवेतला नत्र आणि नैसर्गिक वायूतला हायड्रोजन जोडून आधी अमोनिया, मग त्यापासून युरिया. पोटॅशियम हे मूलद्रव्य आहे. ते कोणताही कारखाना तयार करू शकत नाही, जिथे साठले असेल तिथून उचलून आणावे लागते. आणि ते साठले कसे, उचलतात कसे, हे एकदा समजले की 'रसायन' या शब्दाची भीती बरीच कमी होते.

जगात सर्वांत जास्त पोटॅश निघते कॅनडात, सास्कॅचेवान या गव्हाच्या प्रांतात. सुमारे ३८-३९ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, तो आटत गेला. समुद्र आटताना क्षार ठरावीक क्रमाने खाली बसतात. आधी जिप्सम, मग साधे मीठ, आणि पाणी अगदी तळाला लागले की सर्वांत शेवटी पोटॅशियमचे क्षार. म्हणून मीठ जगात जागोजागी सापडते आणि पोटॅश मोजक्या ठिकाणी. इतके शेवटपर्यंत आटणे फार थोड्या समुद्रांच्या वाट्याला आले.

तो थर आज सुमारे एक किलोमीटर खोल आहे. वणी-घुग्घुसच्या उघड्या कोळसा खाणी पाहिलेल्यांनी ते चित्र इथे बाजूला ठेवावे. वरची माती खरवडून एवढ्या खोल पोचता येत नाही, विहिरीसारखा सरळ उभा मार्ग खणावा लागतो. वाटेत पाण्याने भरलेला वाळूचा थर लागतो आणि सुरुवातीचे प्रयत्न त्यानेच अडवले. शेवटी खणायच्या जागेभोवतीची जमीन गारठवून गोठवली, त्या गोठलेल्या भागातून खाली उतरले, आतून लोखंडी कड्या बसवून पाणी कायमचे बाहेर ठेवले. एस्टरहेझीच्या खाणीतून १९६२ मध्ये पोटॅश निघू लागले ते अशा खटाटोपानंतर.

खाली यंत्रे गुलाबी-तांबडा दगड कुरतडतात. पट्ट्यावरून तो वर नेण्याच्या जागेपर्यंत येतो. त्यात दोन क्षार एकमेकांत गुंतलेले असतात, पोटॅशियम क्लोराईड आणि साधे मीठ. दगड दळून असल्या खाऱ्या पाण्यात टाकतात, की त्यात आणखी काही विरघळायला जागाच उरलेली नसते. मग अमाइन नावाचा पदार्थ थोडासा घालतात, तो फक्त पोटॅशच्या कणांना चिकटतो. खालून हवा सोडली की पोटॅशचे कण बुडबुडे धरून फेसाबरोबर वर येतात, मीठ तळाशी राहते. फेस काढायचा, वाळवायचा, दाबून दाणे करायचे. साधारण तीन टन दगडामागे एक टन पोटॅश. संदेशातला 'परदेशी कारखाना' तो हाच, निवडण्याचे आणि वाळवण्याचे काम करणारा.

थर आणखी खोल असेल तर माणूस खाली उतरतच नाही. त्याच प्रांतात बेल प्लेनला १९६४ पासून खोल थरात गरम पाणी सोडतात, क्षार विरघळवतात आणि ते पाणी वर ओढून थंड करतात. मृत समुद्राकाठी इस्राएल आणि जॉर्डन तर सरळ मिठागरांसारखे वाफे करून उन्हावर पाणी आटवतात.

ही कामे निर्दोष आहेत असे मात्र समजू नका. खाणींबाहेर टाकाऊ मिठाचे ढिगारे उभे आहेत. रशियात बेरेझ्निकी गावाखालच्या खाणीत १९८६ मध्ये पाणी शिरले, खालचे मीठ विरघळत गेले आणि वरची जमीन खचून प्रचंड खड्डा पडला. २००७ मध्ये तिथल्याच दुसऱ्या खाणीवर पुन्हा तेच झाले. पोटॅशविरुद्ध बोलायचे तर हे बोलावे. संदेशात यातले अक्षर नाही.

'लाल रंग दिलेले मीठ'. तो रंग लोहाच्या ऑक्साईडचा, खाणीतूनच आलेला. आपल्या मुरमाला तांबडेपणा येतो तो त्याच्यामुळेच. विरघळवून पुन्हा स्फटिक केले की तेच पोटॅश पांढरे निघते. मिठाचा अंश त्यात राहतो हे खरे, म्हणून तर खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घातली आहे: पोटॅश (खताच्या हिशेबात पोटॅशियम K₂O, म्हणजे त्याच्या ऑक्साईडच्या रूपात मोजतात) किमान ६० टक्के, मीठ ३.५ टक्क्यांहून जास्त नको. मीठ रंगवून पोटॅश म्हणून खपवणारे भामटे नाहीत असे नाही. कृषी केंद्राचे पक्के बिल घ्यावे आणि शंका आली तर खत निरीक्षकाकडे नमुना द्यावा. पण नकली नोट सापडली म्हणून सगळ्या नोटा नकली ठरत नाहीत.

याच मुद्द्याला जोडून 'क्लोरीनने पाण्यातले जंतू मरतात, तसे पोटॅशमधल्या क्लोरीनने मातीतले जीवाणू मरतात' असे एक वाक्य आहे. पोटॅशमध्ये असतो तो क्लोराईड, जो जेवणातल्या मिठातही असतो. मूलद्रव्य तेच, पण जंतू मारण्याचा क्लोरीन वायूचा गुण त्यात नाही. ५० किलोच्या पोत्यात साधारण २४ किलो क्लोराईड येतो. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन ९ लाख किलोच्या आसपास. म्हणजे किलोभर मातीला २७ मिलिग्रॅम, आणि पावसाळ्यात त्यातलाही बराच झिरपून खाली जातो. कपाशीला याचा त्रास नाही. संत्र्याला मात्र क्लोराईड मानवत नाही. वरुड-मोर्शीचे बागाईतदार क्लोराईड टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घेतात ते योग्यच. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातही मुळात क्षार जास्त असताना विचार करूनच टाकावे.

आता काळी माती.

'शंभर वर्षे पुरेल' हा आकडा कुठून आला असावा याचा अंदाज करता येतो. मातीत एकूण पोटॅशियम एक टक्का धरले तर एकराच्या वरच्या थरात ९ हजार किलो होते. आकडा मोठा दिसतो. पण त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त खनिजांच्या आत कोंडलेले असते. काही भाग चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकून हळूहळू सुटतो. मुळांना आज हाती लागेल असे एक-दोन टक्केच. पिकाला शंभर वर्षांचा साठा नको असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोंड भरताना दर आठवड्याला किती मिळते यावर त्याचे चालते.

दुसरी गोष्ट अनेकांना नवी वाटेल. आपली काळी माती ज्या दगडापासून झाली तो बेसाल्ट पोटॅशियमच्या बाबतीत गरीबच आहे. पूर्वेकडच्या भंडारा-गडचिरोलीतला ग्रॅनाइटी दगड त्याहून कितीतरी श्रीमंत. काळ्या मातीचा अहवाल 'भरपूर' येतो, कारण तिची चिकणमाती पोटॅशियम धरून ठेवण्यात पटाईत आहे. धरून ठेवणारी माती ते सहज सोडतही नाही. म्हणून हेक्टरी २८० किलोच्या वर गेले की 'भरपूर' ही देशभराची रेघ भारी काळ्या जमिनीला तशीच लावू नये, असे मृदाशास्त्रज्ञ सांगत आले आहेत.

आणि बाहेर काय जाते? सोयाबीनच्या एक टन दाण्यात पोटॅश साधारण २० किलो. एकरी ८ क्विंटल झाले तर १६ किलो पोटॅश वावरातून निघून तेलगिरणीच्या वाटेला लागले, म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त. कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) विकले तर आणखी. कपाशीचे उलटे आहे: रुईत जवळपास काहीच जात नाही, ती बहुतेक निव्वळ सेल्युलोज. सरकीत थोडे जाते. खरे पोटॅश पानात, बोंडाच्या टरफलात आणि पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळलेल्या झाडात) असते. पूर्वी पऱ्हाटी चुलीत जायची आणि राख उकिरड्यावरून परत वावरात यायची. आता ती धुऱ्यावर (बांधावर) पेटवतात किंवा ट्रॉली भरून जळणासाठी विकतात. विकलेल्या ट्रॉलीबरोबर पोटॅशही गेले, हा हिशेब कोणी मांडत नाही.

पिकाला ते हवे कशाला? पानावरची सूक्ष्म छिद्रे उघडायची-मिटायची ती पोटॅशियमच्या जोरावर. पावसाने वीस दिवसांचा खंड दिला तर ज्या झाडाला पोटॅशियम पुरेसे आहे ते छिद्रे नीट मिटून पाणी राखते. पानात झालेली साखर बोंडापर्यंत, शेंगेपर्यंत पोचते तीही त्याच्या मदतीने. कापसाचा धागा लांबतो तेव्हा आतून पाण्याचा दाब लागतो, तो दाब राखण्यातही पोटॅशियम लागते. नत्राची कमतरता हिरवेपणावरून लगेच दिसते. पोटॅशची कमतरता बोंडे लागेपर्यंत लपून राहते, मग पानांच्या कडा करपतात. म्हणूनच युरियासाठी रांगा लागतात आणि पोटॅश 'पुढच्या वर्षी बघू' होते.

एवढे लिहून दुसऱ्या बाजूलाही एक सांगायला हवे. प्रत्येक वावराला दरवर्षी पोटॅशचे पोते लागत नाही. जिथे शेणखत नियमित पडते, कुटार-पऱ्हाटी वावरातच कुजते आणि माती परीक्षणाचा आकडा रेघेच्या बराच वर आहे, तिथे एखादे वर्ष सोडले तर आभाळ कोसळणार नाही. लाल्या (कपाशीची पाने लाल पडणे) दिसला की पोटॅशची फवारणी गळ्यात मारणारे दुकानदारही काही कमी नाहीत. लाल्यामागे मॅग्नेशियम असते, नत्र असते, तुडतुडे असतात, रात्रीची थंडी असते. कधी पोटॅशही असते. न तपासता 'नको' म्हणणे आणि न तपासता 'घ्या' म्हणणे, दोन्हीत खिसा कास्तकाराचाच.

राखेचा मुद्दा नुसत्या आकड्यांनी संपतो. एका पोत्यात ३० किलो पोटॅश. लाकडाच्या राखेत ते सरासरी ५ टक्के धरले, तर एका पोत्याऐवजी ६०० किलो राख. लाकूड जळून राख उरते एक-दोन टक्के. म्हणजे एका पोत्यासाठी ३० ते ६० टन लाकूड. हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे: खाणी नव्हत्या तेव्हा युरोप-अमेरिकेत जंगले जाळून राखेतून पोटॅश काढत. अमेरिकेचे पहिले पेटंट, १७९० मधले, याच कामाच्या सुधारित पद्धतीला मिळाले होते. १८६१ मध्ये जर्मनीत श्टासफुर्टला खाणीतल्या क्षारांपासून पोटॅश काढणे सुरू झाले आणि ती जंगलतोड हळूहळू अनावश्यक झाली. घरची राख टाकू नका असे नाही, जरूर टाका. फक्त ती अल्कधर्मी असते आणि आपल्या काळ्या जमिनीचा सामू (pH) आधीच आठच्या आसपास, हे ध्यानात असू द्या. खारपाणपट्ट्यात तर हात आखडताच ठेवा.

जीवामृतातले किंवा बाटलीत मिळणारे पोटॅश विरघळवणारे जीवाणू मातीत कोंडलेले पोटॅशियम थोडे मोकळे करतात. उपयोगाचे आहेत. पण नवे पोटॅशियम ते निर्माण करू शकत नाहीत.

राहिले राजस्थान. नागौर-गंगानगर भागात जमिनीखाली पोटॅशयुक्त क्षारांचे थर आहेत हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेच शोधले आणि ते उघड प्रसिद्ध आहे. थर शेकडो मीटर खोल आहेत, कॅनडाइतके कसदार नाहीत, आणि पाणी सोडून विरघळवून काढायचे तर ते वाळवंटात. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र आणि राजस्थान सरकारच्या संस्थांनी अशा विरघळवून काढण्याची शक्यता तपासण्याचा करार केला. दाबून ठेवायचे असते तर करार कशाला केला असता?

तोवर देशातले म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे हेच पोटॅशियम क्लोराईडचे खत, सगळे आयातीचे. याची किंमत आपण मोजतो हे मात्र खोटे नाही. बेलारूसवर निर्बंध आले, फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने त्यांचे पोटॅश आपल्या बंदरातून जाऊ देणे थांबवले, त्याच महिन्यात युक्रेन युद्ध पेटले, आणि त्या वर्षी आपल्याकडे पोते १७०० रुपयांवर गेले. देशी पर्याय म्हणून साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या राखेतून केलेले पोटॅश आता मिळते. त्यात पोटॅश १४.५ टक्के. कृषी केंद्रात ते स्वस्त म्हणून पुढे केले तर पोत्याच्या किमतीला आतल्या पोटॅशच्या किलोंनी भागून पाहावे: ५० किलोत ते सव्वासात किलो भरते, लाल पोत्यात ३०.