घाटात गाडी ओढत नाही, या आपल्या तक्रारीबद्दल

सप्रेम नमस्कार.

आमच्या साताऱ्यातील गॅरेजमध्ये आपल्या २०१८च्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०ला फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर आणि हवेचा उघडा कोन फिल्टर बसवल्यापासून ती यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर दम टाकते, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, अ‍ॅव्हरेज ३५वरून २७वर आले आणि सांगूनही आम्ही सायलेन्सरमधला बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) काढून दिला नाही, असे आपण लिहिले आहे.

फटाक्यांची चूक आमची आहे. आपण जोडलेल्या फोटोत, सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइप इंजिनच्या हेडला बसतो तिथे काजळीची काळी रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे जुनेच गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) पुन्हा वापरले गेले. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रेस सोडल्यावर न जळता पाइपात आलेले पेट्रोल तिथे भडकते. गाडी तपासून सोडण्याचे काम माझे असल्यामुळे हा दोष मी फिटरवर ढकलणार नाही.

पिकअपचे कारण मात्र वेगळे आहे. हे ३४६ सीसीचे इंजिन ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), म्हणजे कमी आरपीएमवर ओढण्यासाठीच घडवलेले आहे; त्याचा २८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ४००० आरपीएमलाच मिळतो. त्याच्या कार्बोरेटरमधला (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला) छोटा पिस्टन केबलने नव्हे, तर हवेच्या दाबातील फरकाने वर उचलला जातो. कंपनीच्या फिल्टरच्या बंद डब्यातून, म्हणजे एअर बॉक्समधून, हवा संथ, एकसारखी येते, तोवर तो पिस्टन नीट चालतो. एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर लावला की हवा भरपूर मिळते, पण तिचा प्रवाह डळमळतो, पिस्टन अडखळत उठतो आणि खालच्या रेसला मिश्रण बिघडते. एअर बॉक्स राहू द्यावा, असे मी आपल्याला सुचवले होते आणि जॉब कार्डवर ते लिहिलेलेही आहे. पण नुसते सुचवून भागत नव्हते, मी ठाम नकार द्यायला हवा होता.

ट्युनिंगमध्येही आमचे एक चुकले. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा टाकल्यावर आम्ही गाडी हायवेवर पूर्ण रेसवर पळवली, दोन्ही प्लग काढून पाहिले आणि त्यांचा रंग बिस्किटी, म्हणजे मिश्रण बरोबर असल्याची खूण, दिसला म्हणून काम झाले असे मानले. पूर्ण रेसवर मेन जेट बोलतो, पण अर्ध्या रेसवर घाट चढताना पेट्रोल किती जायचे ते मुख्यतः कार्बोरेटरच्या पिस्टनला लावलेली सुई ठरवते, आणि ती आम्ही घाटात तपासलीच नाही. मोठा जेट आणि चढावर गाडी ओढण्यासाठी जास्त पिळावी लागणारी रेस, यांमुळे अ‍ॅव्हरेज घसरले आहे.

बॅफलबाबत माझे मत बदलणार नाही. १७५ सीसीवरील दुचाकीसाठी उत्पादनाच्या टप्प्यावर आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि बॅफल काढलेला सायलेन्सर ती सहज ओलांडतो. रात्री अकरा वाजता गल्लीतून अशी गाडी गेली की आजारी माणसाची आणि तान्ह्या मुलाची झोप मोडते, हे मी आमच्याच आळीत पाहिले आहे. खरे तर कंपनीचा सायलेन्सर बदलण्याचे कामच आम्ही घ्यायला नको होते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ते आता घेत नाही.

आपला मूळ सायलेन्सर आणि एअर बॉक्स गोणीत बांधून आपल्याकडेच दिला होता. तो घेऊन गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी या. दोन्ही वस्तू परत बसवणे, नवे गॅस्केट, मूळ जेट आणि सुईची जुळणी यांचे काहीही पैसे घेणार नाही, आणि मजुरीचे घेतलेले पैसेही परत करीन. त्यानंतर गाडी आपण चालवा, मी मागे बसतो; यवतेश्वरपर्यंत तिसऱ्या गिअरवर चढली, तरच काम झाले असे समजू.