धावताना पोट दुखतं ते ‘गॅस’मुळेच? हा मेसेज पुढे पाठवू नका

नाशिकच्या रनिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्यात. धावताना पोट दुखतं ते गॅसमुळेच. म्हणून आदल्या रात्रीपासून काही खाऊ नका, आणि निघताना गूळ-लिंबाचं अर्धा लिटर पाणी एका दमात प्या. शर्यतीच्या दिवशी आधी एक पेनकिलर घ्या. आणि कळ आली तरी थांबू नका, पोट आपोआप तयार होतं. गोल्फ क्लब मैदानावर पोलीस भरतीच्या १६०० आणि ८०० मीटरची तयारी करणारी मुलंमुली हे खरं मानून चालतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी गॅसचं. पोट नेमकं कुठे दुखतं हे विचारल्याशिवाय कारण सांगताच येत नाही. बरगडीच्या खाली, बहुतेकदा उजवीकडे, सुई टोचल्यासारखी कळ येते आणि खोल श्वास घेतला की वाढते. इंग्रजीत जिला साइड स्टिच म्हणतात ती हीच, आणि तिचा गॅसशी फारसा संबंध नाही. एका पाहणीत दहापैकी जवळपास सात धावपटूंनी वर्षभरात ती अनुभवल्याचं सांगितलं होतं. पूर्वी समज होता की धावताना यकृत हिंदकळतं आणि त्याचे बंध ताणले जातात. पण मग पाण्यात आडवं पोहणाऱ्यांनाही ती तेवढीच का येते? सध्या जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण वेगळं आहे: पोटाच्या आतल्या भिंतीला जे पातळ आवरण असतं त्याला घर्षणाने त्रास होतो, आणि पोट अन्नाने किंवा पाण्याने गच्च असेल तर तो वाढतो. हीच कळ कधीकधी खांद्याच्या टोकाशीही जाणवते, त्याने घाबरून जाऊ नये.

बेंबीच्या खाली मुरडा येणं, घाईची लागणं, हे प्रकरण वेगळं. जोरात धावताना शरीर रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळवतं. आतड्यांचा रक्तपुरवठा निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. त्यात सतत हिसके बसतात आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात अंगातलं पाणीही कमी झालेलं असतं. अशा आतड्यात आदल्या रात्रीची मटकीची उसळ आणि तर्री असेल तर ते तक्रार करणारच. गॅस इथे असतो, पण तो कारणांपैकी एक. रविवारची मिसळ धावून आल्यावर खावी, शनिवारी रात्री नको. द्राक्षांचंही तसंच. त्यांतल्या साखरेत साधारण निम्मं फ्रुक्टोज असतं, काहींच्या आतड्यांत ते नीट शोषलं जात नाही. निघण्यापूर्वी वाटीभर द्राक्षं खाऊन ज्यांचं पोट बिघडतं त्यांनी ती घरी परतल्यावर खावीत.

उपाशी राहण्याबद्दल. गंगापूर रोडवर सकाळी अर्धा-पाऊण तास हळू धावायचं असेल तर रिकाम्या पोटी चालतं. मोठ्या धावेला किंवा भरतीच्या चाचणीला मात्र रात्रभर उपाशी राहिलं की अंगात त्राण राहत नाही. दोन-तीन तास आधी हलकं खावं: शेंगदाणे कमी घातलेले पोहे, इडली, केळं. दुधाचा चहा ज्यांना सोसत नाही त्यांनी त्या सकाळी टाळावा. आणि ते अर्धा लिटर गोड पाणी? कळ टाळायला सांगितलेला हा उपाय कळ ओढवून घेणारा आहे. जास्त गोड पेय पोटात रेंगाळतं, आतड्यात पाणी खेचून घेतं, आणि एका दमात प्यायलं की पोट तट्ट फुगतं. साइड स्टिचला ही दोन्ही कारणं पोषक आहेत. पाणी आदल्या दिवशी पुरेसं प्या, सकाळी घोट घोट. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, दाट करून नाही.

पेनकिलरच्या मुद्द्यावर मला अजिबात मवाळ बोलायचं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. रक्तपुरवठा आधीच घटलेल्या आतड्यावर त्यांचा मारा दुप्पट होतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली निरोगी, सराव असलेल्या पुरुषांना आयबुप्रोफेन देऊन तासभर सायकल चालवायला लावली; आतड्याला इजा झाल्याची रक्तातली खूण गोळी न घेता केलेल्या व्यायामापेक्षा जास्त आढळली. पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांनाही याच गोळ्या जड जातात. कोणी सिनियर खिशातून गोळ्यांची स्ट्रिप काढून देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. पोट तयार होतं, पण कळ सोसून नाही. ते सरावातल्या खाण्यापिण्याने तयार होतं. हाफ मॅरेथॉनला जे एनर्जी जेल (धावताना घ्यायचं गोड, दाट द्रव) किंवा केळं घेणार आहात ते सोमेश्वरच्या बाजूच्या रविवारच्या लांब धावेत आधी थोडं, मग हळूहळू जास्त घेऊन पाहा. काही आठवड्यांत फरक कळतो. कळ आली तर वेग कमी करा, गरज पडली तर चाला. दुखतं तिथे बरगडीखाली दोन बोटं खोल दाबा, कमरेतून थोडं पुढे वाका आणि ओठांचा चंबू करून श्वास लांब, सावकाश सोडा. बहुतेकांना एक-दोन मिनिटांत उतार पडतो. थांबल्याने सराव वाया जात नाही.

काही दुखणी मात्र यात बसत नाहीत. थांबल्यावरही कळ तासभर टिकली, उजवीकडे खाली सरकून वाढत गेली आणि ताप आला, शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चाळिशी ओलांडलेल्यांना, किंवा मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दाब येऊन घाम फुटला, तर अॅसिडिटी समजून गोळी चघळत बसू नका. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. लगेच १०८ ला फोन करा. डॉक्टरांना सांगताना कळ कितव्या किलोमीटरला आली, त्याआधी काय खाल्लं आणि कोणती गोळी घेतली, हे तिन्ही सांगा. गोळीचं लपवू नका.